कानशीच्या खुणा

फ्रान्सच्या पंधराव्या लुईच्या एक्यू या चांदीच्या नाण्यावर त्याची किंमत कुठेच लिहिलेली नसते. दर्शनी बाजूला राजाचा चेहरा आणि लॅटिनमध्ये त्याची बिरुदं. मागे मुकुटाखाली तीन लिलीफुलांची ढाल, दोन्ही अंगांना ऑलिव्हच्या डहाळ्या, वर्ष आणि टांकसाळीचं अक्षर. किंमत नाही. कारण लिव्र हे तेव्हा हिशोबाच्या वहीतलं चलन होतं. बारा दनिएंचा एक सू, वीस सूंचा एक लिव्र. हातातला एक्यू किती लिव्रचा हे राजाचं फर्मान सांगायचं, आणि फर्मान बदललं की लोकांच्या थैलीतल्या नाण्याची किंमत रातोरात बदलायची. 1641 मध्ये, तेराव्या लुईच्या कारकिर्दीत, चांदीचा हा मोठा एक्यू पहिल्यांदा पाडला गेला तेव्हा तो तीन लिव्रचा होता. 1726 मध्ये नव्या वजनाचा एक्यू निघाला, तो त्याच वर्षी सहा लिव्रवर स्थिरावला आणि राज्यक्रांतीपर्यंत तिथेच राहिला.

अंगावर आकडा नसलेल्या नाण्याची पत त्याच्या वजनावर आणि कसावर. 1726 चा नियम असा होता की मार्क या जुन्या मापाच्या, म्हणजे 244.75 ग्रॅम चांदीतून 8.3 नाणी निघाली पाहिजेत. भागाकार केला की एका नाण्याला 29.488 ग्रॅम येतात. कस हजारात 917. चांदीचा पत्रा लाटून त्यातून कापलेल्या चकत्या काही आपोआप त्या वजनाच्या निघत नसत. मग प्रत्येक चकती काट्यावर ठेवायची. हलकी भरली तर ती परत मुशीत, कारण चांदी कमी करता येते, वाढवता येत नाही. जड भरली तर एक कारागीर हातात कानस घेऊन ती घासायचा, पुन्हा तोलायचा, लागलंच तर पुन्हा घासायचा. त्यानंतर चकती उजळायची, तिच्या कडेवर अक्षरं उमटवायची आणि मग स्क्रूच्या दाबयंत्रात दोन ठशांच्या मध्ये धरून छापायची. दाब मोठा असला तरी कानशीच्या सगळ्या रेघा त्याखाली नाहीशा होत नसत. राजाच्या केसांत, ढालीच्या मधोमध, कधी गालावरून कपाळापर्यंत त्या समांतर रेघा आजही दिसतात.

या रेघांवरून माझे गिऱ्हाइकांशी जितके वाद झाले असतील तितके दुसऱ्या कशावरून झाले नसतील. लोक नाणं बघतात आणि म्हणतात, ओरखडे पडलेत. मी सांगते, ओरखडे नाहीत. या रेघा नाणं नाणं होण्याच्या आधीच्या आहेत.

पॅरिसमध्ये रू विव्हिएनच्या आसपास, जुन्या शेअरबाजाराच्या इमारतीजवळ, जुन्या नाण्यांच्या व्यापाऱ्यांची दुकानं दाटीने आहेत. राष्ट्रीय ग्रंथालयाचा नाणेसंग्रह तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, रू द रिशल्यूवर. या भागात मी लिलावासाठी येणाऱ्या नाण्यांची ओळख पटवते, प्रत ठरवते आणि यादीतली टिपणं लिहिते. नाणी वाचायला शिकले ते मात्र नाशिकजवळ अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेत, मराठ्यांच्या अंकुशी रुपयांवर. तिथे चकती ठशापेक्षा लहान असते. शाह आलम बादशहाच्या नावातली चार अक्षरं इकडे, दोन तिकडे, अंकुश अर्धा, आणि उरलेला मजकूर नाण्याबाहेरच राहिलेला. अशा रुपयांवर सराफांनी कस तपासताना मारलेल्या खुणा असतात. त्या पाहताना एक सवय लागली, ती फ्रान्समध्ये आल्यावर फार कामाला आली. खूण दिसली की आधी विचारायचं, ही कधी पडली? छापण्याआधी, छापताना की नंतर?

फ्रेंच पद्धतीत प्रत अक्षरांनी सांगतात. बो, त्रे बो, त्रे त्रे बो, स्युपेर्ब, स्प्लांदीद, आणि सगळ्यांत वर फ्लर द क्वाँ, म्हणजे ठशाखालून नुकतंच निघाल्यासारखं. राजेशाही चांदीत बहुतेक नाणी मधल्या तीन पायऱ्यांवर असतात. ‘त्रे त्रे बो’ म्हणजे बाजारात फिरलेलं पण सगळी मुख्य रेखाटनं शाबूत असलेलं नाणं. मला स्वतःला ही प्रत सगळ्यांत आवडते. एक्यू हे घरात ठेवून बघण्यासाठी पाडलेलं नाणं नव्हतंच. त्याने धान्याचा, वाइनचा, सैनिकाच्या पगाराचा व्यवहार केला. तो व्यवहार अंगावर दिसावा, आणि चेहराही ओळखू यावा.

अक्षर लिहायला सोपं असतं. अवघड असतं ते झिजलेलं नाणं आणि नीट न उमटलेलं नाणं यांतला फरक ओळखणं. एक्यूच्या एका बाजूला मध्यावर राजाचा कान आणि केस, नेमके त्याच्या पाठीमागे ढालीचा मधला भाग. दोन्हीकडे उठाव आहे, म्हणजे दाब पडल्यावर चांदीला एकाच जागेतून दोन्ही दिशांना चढायचं असतं. दाब थोडा कमी पडला किंवा चकती तिथे किंचित पातळ असली, की दोन्ही बाजूंचा मध्य सपाट राहतो. नवशिका म्हणतो, झिजलंय. अशा वेळी मी खोलीतले बाकीचे दिवे मालवते आणि एकच दिवा अगदी तिरका धरते. नाणं बोटांत हळूहळू फिरवते. न उमटलेल्या जागी चकतीचा मूळ पृष्ठभाग तसाच असतो, रव्यासारखा बारीक खरबरीत, आणि बहुतेकदा कानशीच्या रेघाही तिथेच सगळ्यांत ठळक असतात, कारण त्यांना चेपायला ठसा तिथवर पोचलेलाच नसतो. झीज असली तर उंच भाग गुळगुळीत होतो, त्याच्यावरचा प्रकाश एकसारखा सरकतो आणि कडा गोलावतात. बंडो प्रकारात, म्हणजे 1740 पासूनच्या ज्या एक्यूवर पंधराव्या लुईच्या केसांना फीत बांधलेली आहे त्यात, मी आधी फितीचा काठ आणि कानावरची बट पाहते. बट सपाट आहे पण फितीचा काठ धारदार आहे, शेजारची अक्षरं टोकदार आहेत, तर नाणं फिरलेलं नाही, नीट उमटलेलं नाही. या दोन नाण्यांना एकच अक्षर द्यावं लागलं तर मला चैन पडत नाही. मी टिपणात दोन ओळी जास्त लिहिते.

मोठी लॉट आली की आधी टांकसाळीची अक्षरं लावायची. ही अक्षरं 1540 च्या सुमारास पहिल्या फ्रान्स्वाने ठरवून दिली. ए म्हणजे पॅरिस, बी रुआँ, डी लियाँ, के बोर्दो, एल बायोन, डब्ल्यू लिल, दोनदा बी म्हणजे स्ट्रासबूर्ग. रेनसाठी 9 हा आकडा, आणि पिरनीजच्या पायथ्याच्या पो गावासाठी चक्क एक छोटी गाय. राजाच्या नावातल्या ‘डी’खाली ठिपका असेल तर नाणं वर्षाच्या दुसऱ्या सहामाहीतलं. सोळाव्या लुईच्या काळातले बायोनचे आणि पोचे एक्यू ढिगाने येतात. त्याचं कारण डोंगरापलीकडे आहे. अमेरिकेतल्या खाणींची चांदी स्पेनच्या नाण्यांच्या रूपात सरहद्द ओलांडून यायची आणि पहिल्याच टांकसाळीत वितळून फ्रेंच व्हायची. तीच स्पॅनिश चांदी फ्रेंच कंपनीच्या गलबतांतून पुदुच्चेरीलाही जायची. तिथे 1736 पासून, अर्काटच्या नबाबाच्या परवानगीने, तिचे अर्काट रुपये होत; त्यांच्यावरची चंद्रकोर ही फ्रेंचांची ओळख. सोळाव्या लुईचा 1777 चा एक्यू टेबलावर आला की मला पुणं आठवल्याशिवाय राहत नाही. त्याच वर्षी सेंट ल्युबँ हा फ्रेंच वकील या राजाच्या वतीने नाना फडणीसांच्या भेटीला पुण्यात आला होता.

मला सगळ्यांत जास्त जीव लावणारी नाणी मात्र चौदाव्या लुईची, आणि तीही बाजारात ज्यांना लोक ‘गिचमिड’ म्हणून बाजूला सारतात ती. 1688 मध्ये ऑग्सबर्ग संघाविरुद्धचं युद्ध सुरू झालं आणि ते नऊ वर्षं चाललं. 1689 मध्ये राजाने व्हर्सायच्या महालातलं चांदीचं सामान, टेबलं, दीपस्तंभ, कुंड्या, टांकसाळीत पाठवलं. तेवढ्याने भागणार नव्हतंच. म्हणून चलनातली नाणी परत मागवण्यात आली आणि ती न वितळवता, जशीच्या तशी, नव्या ठशांखाली पुन्हा छापून जास्त दराने बाजारात सोडली गेली. दोन दरांतला फरक खजिन्यात. हे पुढे 1693 मध्ये झालं, 1701 मध्ये झालं, 1704 मध्ये झालं. वितळवण्याचा वेळ आणि खर्च वाचला, पण जुना छाप पुरता मेला नाही.

असाच एक 1694 चा एक्यू माझ्या हातात आला होता. मागे मुकुटाखाली गोल ढाल आणि तिला वेढणाऱ्या ताडाच्या दोन फांद्या, म्हणजे 1693 नंतरचा प्रकार. वरवर पाहता पृष्ठभाग अस्वस्थ, रेघा कुठून कुठे जातात कळत नाही. भिंग लावलं. डाव्या फांदीच्या पानांमधून एक सरळ दांडा खाली येत होता आणि तळाशी काटकोनात वळत होता. तो ‘एल’ होता. आधीच्या प्रकारात आठ ‘एल’ अक्षरं जोडीजोडीने पाठ लावून उभी असतात आणि त्यांचा क्रूस होतो, त्यातलं हे एक. ढालीच्या खालच्या अंगाला एक मुकुट, पण उलटा. क्रूसाच्या चार टोकांना चार मुकुट असतात, त्यांतला. नाणं पालथं केलं. राजाच्या मानेमागच्या मोकळ्या जागेत आणखी एक नाक आणि ओठ, फिकट पण नक्की. एकाच चांदीवर एकाच राजाचे दोन चेहरे, मध्ये मोजक्या वर्षांचं अंतर, आणि त्या अंतरात लोकांच्या थैलीतून उचललेला पैसा. कागदोपत्री फर्मानं वाचता येतात. पण राजाने युद्धाचा खर्च कुणाकडून आणि कसा वसूल केला, हे असं डोळ्यांसमोर दुसरीकडे कुठे दिसतं? प्रत विचाराल तर ‘त्रे बो’ आणि ‘त्रे त्रे बो’ यांच्या मध्ये कुठेतरी. मी टिपणात खालच्या छापाचा प्रत्येक अवशेष जागेसकट लिहिला.

बनावट नाण्यांची पारख याच खुणांच्या आधाराने होते. वजन आणि घनता बघायचीच. या कसाच्या चांदीची घनता सुमारे 10.3 असते, तिच्यात फार खालीवर झालं तर संशय घ्यावा. ओतीव नकलेच्या कडेवर जोड सापडतो, आणि कडेवरची ‘हे प्रभो, राजाचं रक्षण कर’ या अर्थाची लॅटिन अक्षरं लोण्यात उमटल्यासारखी मऊ दिसतात. पण हल्लीच्या नकला ओतीव नसतात, त्या ठशाने छापलेल्या असतात, वजनही बरोबर असतं. तिथे कानस मदतीला येते. खऱ्या नाण्यावरच्या कानशीच्या रेघा एका माणसाने एका चकतीवर हाताने मारलेल्या असतात. त्यांचा कोन, खोली, संख्या दुसऱ्या नाण्यावर तशीच येणं शक्य नाही. नकली ठसा मात्र एखाद्या खऱ्या नाण्यावरूनच बनतो आणि त्याच्या कानशीच्या रेघाही सोबत उचलतो. म्हणून दोन एक्यूंवर हुबेहूब त्याच रेघा सापडल्या, की दोन्ही वेगळे काढून ठेवायचे. ज्या खुणेपायी लोक नाण्याचा भाव पाडून मागतात, तीच खूण नाण्याचा सगळ्यांत भरवशाचा साक्षीदार असते.

ज्याला मी खरोखर नुकसान म्हणते ते वेगळंच आहे. एका आजीबाई त्यांच्या सासऱ्यांचा लाकडी डबा घेऊन आल्या होत्या. आत एक्यू, अर्धे एक्यू, चोवीस सूंची आणि बारा सूंची छोटी नाणी. सगळी पांढरी फटक, आरशासारखी. दर वर्षी नाताळाच्या आधी सासरे ती चांदीच्या पॉलिशने घासायचे, आणि ते गेल्यावर घरच्यांनी ती रीत पाळली. त्यांच्या बोलण्यात त्या माणसाविषयी इतकी माया होती की दिवा तिरका धरायला माझा हात उचलेना. पण धरला. राजाच्या गालावर केसासारख्या बारीक रेघांची गोल गोल भोवरी, कापड फिरत गेलं तशी. कानशीच्या रेघा ठशाखाली दबलेल्या असतात, अक्षर आलं की त्याच्या पायाशी थांबतात. या रेघा अक्षरांवर चढून पलीकडे उतरत होत्या. चांदीला वर्षानुवर्षांत हवेतल्या गंधकाने जी करडी, निळसर झाक येते ती पूर्ण गेलेली, आणि तिच्यासोबत पृष्ठभागाची मूळ चमकही.

“मग यांना काहीच मोल नाही का?” त्यांनी विचारलं.

“आहे,” मी म्हटलं. “फक्त तुम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा कमी. आणि यापुढे काही लावू नका. पाणीसुद्धा नको.”

त्या डब्याच्या तळाशी, कापडाच्या घडीत अडकल्यामुळे पॉलिशच्या तावडीतून सुटलेला एक एक्यू निघाला. काळपट, आणि दोन्ही बाजूंना छोटे चौकोनी घाव बसावेत तसे ठसे: एकावर बर्नचं अस्वल, दुसऱ्यावर ‘40 बीझेड’. स्वित्झर्लंडमधल्या बर्नने 1816 नंतर जुन्या फ्रेंच एक्यूंवर आपला शिक्का मारून ते चाळीस बात्झेनला चालवले, त्यांतला हा. फ्रान्समध्ये दशमान फ्रँक आल्यावरही हे एक्यू 1830 च्या दशकापर्यंत चालत होते, सरहद्दीपलीकडे नवं नाव घेऊन. बाईंना वाटत होतं तो खराब झालेला, म्हणून सासरे त्याला बाजूला ठेवत असावेत. डब्यातलं सगळ्यांत मोलाचं नाणं तेच निघालं, आणि मी ते सांगितलं तेव्हा त्यांनी ते परत कापडात गुंडाळून विकण्याच्या यादीतून काढून घेतलं.

हल्ली प्लॅस्टिकच्या बंद डबीत नाणं घालून वर 1 ते 70 मधला आकडा लिहिण्याची अमेरिकी पद्धत फ्रान्समध्येही रुजली आहे. हा मोजदंड 1949 मध्ये विल्यम शेल्डन यांनी अमेरिकेच्या सुरुवातीच्या तांब्याच्या सेंटसाठी तयार केला होता. बनावट मालाला यामुळे चाप बसतो, हे मान्य केलंच पाहिजे, आणि परदेशात बसून विकत घेणाऱ्याला आधार मिळतो. पण एक्यू डबीत गेला की त्याची कडा नीट वाचता येत नाही, आणि जुनी दागिन्याची कडी काढून टाकल्याचा पुरावा कडेवरच असतो: अक्षरं एका जागी पुसलेली, चांदी जरा दबलेली. लेव्हांटमध्ये, म्हणजे भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, तर एक्यूच्या बाराव्या हिश्शाची नाणी बायका हौसेने अंगावर घालत. इतकी की इटलीतल्या छोट्या टांकसाळींनी त्यांच्या नकला पाडून तिकडे पाठवल्या. त्या नाण्यांवरची भोकं आणि बुजवलेली भोकं हा त्यांचा इतिहास आहे. आकड्याला हे काही सांगता येत नाही. कानशीच्या खोल रेघा असलेल्या उत्तम एक्यूला तर कधी आकडाच मिळत नाही, ‘दोष आहे’ एवढा शेरा मिळतो. हा शेरा मला साफ चुकीचा वाटतो. राजाच्या टांकसाळीने कायदा पाळण्यासाठी केलेलं काम दोष कसं ठरेल? घरच्या कापडाने केलेली इजा आणि टांकसाळीच्या कानशीने केलेली दुरुस्ती एका रकान्यात घालणं म्हणजे नाणं न वाचताच निकाल देणं.

येत्या लिलावात सोळाव्या लुईचा बायोनचा एक एक्यू आहे, 1785 चा. ‘स्युपेर्ब’च्या उंबरठ्यावरचा, करड्या रंगाचा, कधीच न घासलेला. ढालीवर तिरप्या, खोल रेघा. विक्रेत्याने विनंती केली की यादीत रेघांचा उल्लेख नको, भाव पडेल. मी त्यांना एक जुनी लिलावयादी दाखवली. त्या काळी छायाचित्रं नाण्याची नव्हे, त्याच्या प्लॅस्टरच्या साच्याची काढत, त्यामुळे रंग, चमक, डाग यांतलं काही त्यात येत नाही. उठाव आणि खोली तेवढी येते. पानावरच्या एक्यूच्या ढालीवर त्याच रेघा होत्या, त्याच कोनात, डावीकडची सगळ्यांत लांब आणि मधली अर्ध्यावर तुटलेली. त्यांचं नाणं तेच होतं. कुणाच्या संग्रहात होतं, कोणत्या विक्रीत गेलं, हे त्या रेघांमुळे सिद्ध झालं. उल्लेख तर राहिलाच, सोबत ढालीचा मोठा फोटोही टाकायला त्यांनी होकार दिला. मला त्या फोटोसाठी प्रकाश डावीकडून हवा होता, छायाचित्रकाराला उजवीकडून; उजवीकडून रेघा भरून जातात, म्हणून शेवटी डावीकडूनच काढला.